नागपूर–पुणे : विमानाचे सहाशे किलोमीटर आणि माझे एकोणीस तास

प्रति,
मा. मंत्री, नागरी विमान वाहतूक मंत्रालय, भारत सरकार, नवी दिल्ली
मा. महासंचालक, नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, नवी दिल्ली

विषय : टप्प्याटप्प्याने लांबवली जाणारी व रात्री उशिरा रद्द होणारी देशांतर्गत उड्डाणे, त्यांच्या भरपाईचे नियम आणि भाड्याची मर्यादा यांबाबत.

महोदय,
स. न. वि. वि.

नागपूर आणि पुणे या दोन विमानतळांमधील सरळ हवाई अंतर सुमारे ६०० किलोमीटर आहे. विमान प्रत्यक्ष हवेत असते ते साधारण तासभर, आणि वेळापत्रकात या प्रवासाला दीड तासाच्या आतबाहेर वेळ दिलेला असतो. नोव्हेंबर २०२५ मधील एका संध्याकाळी सव्वासहा वाजता मी पुण्यातील खराडीच्या घरातून नागपूरला जाण्यासाठी निघाले आणि दुसऱ्या दिवशी दुपारी सव्वा वाजता पोहोचले. माझे वडील त्याच दिवशी सकाळी सव्वादहा वाजता गेले होते. हे पत्र त्या एकोणीस तासांविषयी आहे, आणि ते जाहीरपणे लिहिण्याचे कारण असे की, माझ्या तक्रारीला विमान कंपनीकडून बारा दिवसांनी जे उत्तर आले त्यात एकच वाक्य होते : तिकिटाची रक्कम परत केलेली असल्याने तक्रार निकाली काढण्यात येत आहे. कंपनीचे नाव मी येथे लिहीत नाही. मला एका कंपनीशी भांडायचे नाही. जो नियम अशा उत्तराला पुरेसे ठरवतो, त्या नियमाविषयी मला आपल्याशी बोलायचे आहे.

मी पुण्याहून निघाले त्या दिवशी दुपारी तीनच्या सुमारास आईचा फोन आला. बाबांना छातीत दुखू लागल्याने दवाखान्यात नेले होते आणि अतिदक्षता विभागात हलवण्याची तयारी चालू होती. मी रात्री २० वाजून ५५ मिनिटांच्या विमानाचे तिकीट काढले, ते २२.२० ला नागपूरला उतरणार होते. सोनेगावचा विमानतळ आमच्या प्रतापनगरच्या घरापासून आणि त्या दवाखान्यापासूनही जवळ आहे, त्यामुळे अकरा वाजेपर्यंत मी बाबांजवळ असेन, असे मी आईला सांगितले. बाबा शुद्धीवर होते. त्यांनी आईकडून विमानाची वेळ विचारून घेतली आणि ती वहीत लिहून ठेवायला सांगितली.

या वहीविषयी थोडे सांगावे लागेल. बाबा मध्य रेल्वेच्या नागपूर विभागात गार्ड होते; आता त्या पदाला ट्रेन मॅनेजर म्हणतात. गाडी कुठल्या स्थानकावर किती वाजता आली, किती वाजता सुटली, मध्ये किती मिनिटे गेली आणि कशामुळे गेली, हे गार्डला प्रत्येक फेरीच्या अहवालात लिहावेच लागते. 'उशीर झाला' एवढे लिहून भागत नाही. सिग्नल मिळाला नाही, इंजिनात बिघाड झाला, पुढे मालगाडी होती, असे कारण द्यावे लागते, आणि त्या मिनिटांचा हिशेब पुढे कोणीतरी मागतो. निवृत्तीनंतरही बाबांची ती सवय सुटली नाही. मी नोकरीसाठी पुण्याला गेल्यापासून माझी प्रत्येक ये-जा ते एका लांबट वहीत लिहीत असत. पट्टीने आखलेले तीन रकाने असत : नियोजित, प्रत्यक्ष, कारण. विमानालाही ते गाडीच म्हणत. 'किती वाजता सुटली गाडी?' हा त्यांचा पहिला प्रश्न असे, आणि मी उत्तर दिले की मागून वहीचे पान उलटल्याचा आवाज येई.

आता त्या रात्रीचा क्रम लिहिते. १९.५० ला मोबाइलवर संदेश आला की विमान २१.४० ला सुटेल. २१.१० ला दुसरा संदेश आला, २२.३० ला सुटेल. २२.१५ ला तिसरा, २३.२० ला. प्रत्येक संदेशात कारण एकच होते, 'परिचालनात्मक कारणे'. आकाश निरभ्र होते, त्याच धावपट्टीवरून इतर विमाने सुटत होती. शेजारी बसलेल्या एका तरुणाने विमानांचा माग दाखवणारे ॲप उघडून दाखवले, तेव्हा कळले की आम्हाला घेऊन जाणारे विमान रात्री दहा वाजता दुसऱ्याच एका शहराच्या विमानतळावर उभे होते आणि तिथूनही निघालेले नव्हते. जी गोष्ट एका प्रवाशाला फुकटच्या ॲपवर दिसते, ती कंपनीच्या नियंत्रण कक्षाला माहीत नव्हती, असे मी मानू शकत नाही. तरीही काउंटरवरच्या मुलीकडे सांगण्यासारखे फक्त 'अजून चाळीस मिनिटे' एवढेच होते. तिचा दोष नाही. तिला जेवढे कळवले होते तेवढेच ती बोलत होती. शेवटी ००.२० ला उड्डाण रद्द झाल्याची घोषणा झाली, ती इंग्रजीत आणि हिंदीत. माझ्या पलीकडे वर्ध्याचे एक वृद्ध जोडपे बसले होते. लोक उठून जाऊ लागले तेव्हा त्यातल्या आजींना वाटले की विमान लागले. त्या पिशवी उचलून दाराकडे निघाल्या. त्यांना थांबवून सांगावे लागले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळच्या विमानात जागा देऊ किंवा पैसे परत करू, असे दोन पर्याय आमच्यासमोर ठेवण्यात आले. मी पैसे परत घेतले, विमानतळाबाहेर एक टॅक्सी ठरवली आणि सव्वा वाजता निघाले. अहिल्यानगर, छत्रपती संभाजीनगर आणि पुढे समृद्धी महामार्ग. सकाळी सिंदखेडराजा मागे पडले. कारंजा लाडच्या पुढे असताना आईचा फोन आला, आणि उरलेले दोनशे किलोमीटर मी टॅक्सीच्या मागच्या सीटवर बसून राहिले.

मी वेळेवर पोहोचले असते तर बाबा वाचले असते, असा माझा दावा नाही. डॉक्टरांनी जे शक्य होते ते केले. माझे म्हणणे एवढेच आहे की, १९.५० च्या पहिल्या संदेशातच 'आपले विमान दुसऱ्या शहरात अडकले आहे, ते आज येईल याची खात्री नाही' असे खरे सांगितले असते, तर मी साडेआठला रस्त्याने निघाले असते आणि बारा तासांत, म्हणजे सकाळी साडेआठला, बाबांच्या खाटेजवळ असते. पावणेदोन तास मला मिळाले असते. ते उशिरामुळे गेले नाहीत, उशीर लपवल्यामुळे गेले. विमान बिघडू शकते, हे गार्डच्या मुलीला कोणी समजावून सांगायला नको. पण बिघाड झालेला असताना दर चाळीस मिनिटांनी नवी वेळ देत राहणे हा बिघाड नव्हे, तो निर्णय आहे. आणि तो घेणाऱ्याला आपल्या नियमांत कोणतीही किंमत मोजावी लागत नाही.

हे मी रागाने म्हणत नाही. परत आल्यावर मी महासंचालनालयाचे नियम मिळवून वाचले, दोनदा वाचले. उड्डाण सहा तासांहून अधिक लांबणार असेल तर प्रवाशाला दुसरे विमान किंवा पूर्ण परतावा द्यावा, असे त्यांत आहे. रात्री आठ ते पहाटे तीन या वेळेतील विमान सहा तासांपेक्षा जास्त लांबले तर हॉटेलची सोय करावी, असेही आहे. माझे विमान २०.५५ चे होते, म्हणजे याच वेळेतले. पण ते एकदम सहा तासांनी लांबले नाही. पंचेचाळीस, पन्नास, पन्नास असे थोडे थोडे लांबत गेले आणि तीन तास पंचवीस मिनिटांनी रद्द झाले. सहा तासांची रेषा ओलांडलीच गेली नाही. उशिराचे तुकडे केले की नियम लागू होत नाही, ही पळवाट नियमाच्या मजकुरातच आहे आणि ती बुजवणे आपल्या हातात आहे.

जानेवारी २०२४ मध्ये उत्तर भारतातील धुक्याने विमानसेवा विस्कळीत झाली, तेव्हा याच महासंचालनालयाने कंपन्यांना सांगितले होते की उशिराची अचूक आणि ताजी माहिती प्रवाशांना द्यावी, आणि तीन तासांहून अधिक लांबण्याची शक्यता असलेली उड्डाणे पुरेशी आधी रद्द करता येतील. ती सूचना योग्यच होती. ती धुक्यापुरतीच का राहावी? लोहगावच्या आणि सोनेगावच्या प्रवाशालाही वेळेची तेवढीच गरज असते.

यापुढचा मुद्दा भरपाईचा आहे, आणि या पत्रात मला सर्वांत जास्त तोच मांडायचा आहे. ऐनवेळी रद्द झालेल्या उड्डाणासाठी आपल्या नियमांत तीन पायऱ्या आहेत. विमानाचा प्रवास एक तासापर्यंतचा असेल तर ५,००० रुपये, एक ते दोन तासांचा असेल तर ७,५०० रुपये आणि दोन तासांहून अधिक असेल तर १०,००० रुपये. किंवा मूळ भाडे अधिक इंधन आकार. यांपैकी जी रक्कम कमी असेल ती. हा प्रवासाचा वेळ म्हणजे विमान आपल्या जागेवरून हलल्यापासून दुसऱ्या विमानतळावर जागेवर लागेपर्यंतचा वेळ. म्हणजे माझ्या नुकसानीचे माप काय, तर जे विमान आलेच नाही ते आले असते तर किती मिनिटे उडाले असते, हे! माझे गेलेले एकोणीस तास या हिशेबात कुठेच येत नाहीत. बाहेर पडून रात्रभर केलेला रस्त्याचा प्रवास, टॅक्सीचे भाडे, बुडालेला दिवस, आणि ज्यासाठी निघाले ते कारण, यांपैकी काहीही येत नाही. शिवाय 'जी रक्कम कमी असेल ती' या शब्दांमुळे स्वस्त तिकीट काढलेल्या माणसाचा वेळही स्वस्त ठरतो. आणि उड्डाण रद्द न होता पाच तास लांबले, तर रोख भरपाई काहीच नाही. खाण्याचे पाकीट मिळते. आम्हाला सँडविच आणि फळांचा रस मिळाला होता. तो वर्ध्याच्या आजींनी पिशवीत तसाच ठेवला.

विमान किती लांब जाणार होते यावर प्रवाशाचे नुकसान ठरत नाही. प्रवासी किती उशिरा पोहोचला यावर ते ठरते. नागपूर–पुणे हे याचे अगदी स्पष्ट उदाहरण आहे, कारण या दोन शहरांमध्ये विमान चुकले तर दुसरा पर्याय एकदम कैक तासांनी दूर जातो. रुळाने हे अंतर ८८१ किलोमीटर आहे, कारण गाडी वर्धा, अकोला, भुसावळ, मनमाड आणि दौंड अशा वळशाने येते. ऑगस्ट २०२५ मध्ये अजनी–पुणे वंदे भारत सुरू झाली, त्याचा आम्हा सर्वांना मनापासून आनंद झाला. पण या मार्गावरच्या त्या वेगवान गाडीलाही बारा तास लागतात आणि ती दिवसा धावते. रस्त्याने सातशे किलोमीटरच्या वर, खासगी बसला एक रात्र. मुंबई–अहमदाबादच्या प्रवाशाचे विमान रद्द झाले तर तो सहा-सात तासांत रेल्वेने पोहोचू शकतो. नागपूरच्या प्रवाशाचे विमान रद्द झाले तर त्याचा पुढचा दिवस जातो. नागपूर हे तरी विमानतळ असलेले गाव झाले. चंद्रपूरचा मुलगा तिथून आणखी दीडशे किलोमीटर आणि गडचिरोलीचा त्याहूनही लांब जाणारा असतो. भामरागडचा असेल तर त्याच्या घराकडे जाणाऱ्या गाडीची वेळ विमानाच्या उशिराबरोबर निघून गेलेली असते आणि त्याला एक अख्खा दिवस बसून काढावा लागतो.

थेट विमान रद्द झाल्यावर जे पर्याय दाखवले जातात तेही पाहावेत. त्या रात्री मला दुसऱ्या दिवशी सकाळी दिल्लीमार्गे जाण्याचा मार्ग स्क्रीनवर दिसत होता. पुण्याहून दिल्ली सुमारे ११५० किलोमीटर, तिथून नागपूर सुमारे ८५०. सहाशे किलोमीटरवर असलेल्या घरी जाण्यासाठी दोन हजार किलोमीटर उडायचे. बंगळूरमार्गे गेले तरी सोळाशे होतात. आणि या मार्गाचे भाडे नव्याने, त्या क्षणीच्या दराने, मीच भरायचे होते, कारण ती दुसरी कंपनी होती.

भाड्याविषयीही लिहिणे भाग आहे, कारण वेळ आणि पैसा यांचा इथे जवळचा संबंध आहे. मार्च १९९४ पासून देशात विमानभाडे कंपन्या ठरवतात, हे मला माहीत आहे. पण सरकारला गरज वाटली तेव्हा सरकारने भाड्याचे माप घालून दिलेले आहे, तेही दोनदा आणि दोन वेगवेगळ्या पद्धतींनी. २५ मे २०२० ला टाळेबंदीनंतर विमाने पुन्हा सुरू झाली तेव्हा प्रवासाच्या वेळेनुसार सात गट केले होते, आणि साठ ते नव्वद मिनिटांच्या गटात, म्हणजे नागपूर–पुण्याच्या गटात, भाडे ३,००० ते ९,००० रुपयांच्या दरम्यान ठेवायचे बंधन होते. ती व्यवस्था ३१ ऑगस्ट २०२२ पर्यंत टिकली. नंतर डिसेंबर २०२५ मध्ये देशभर उड्डाणे रद्द होऊ लागली आणि उरलेल्या जागांचे दर गगनाला भिडले, तेव्हा आपल्याच मंत्रालयाने अंतरानुसार कमाल भाडे ठरवले : ५०० किलोमीटरपर्यंत ७,५०० रुपये, ५०० ते १००० किलोमीटरला १२,००० रुपये, १५०० पर्यंत १५,००० आणि त्यापुढे १८,००० रुपये, कर व शुल्के वेगळी. आमचे सहाशे किलोमीटर बारा हजारांच्या गटात बसले. म्हणजे मोजता येते, आदेश काढता येतो आणि कंपन्यांना तो पाळायला लावता येतो. मग हे माप फक्त आणीबाणीतच बाहेर का काढायचे? २०२५ च्या दिवाळीत, कोणतीही आणीबाणी नसताना, मी याच मार्गावर एका बाजूचे १३,४०० रुपये भरले आहेत. ज्या आठवड्यात पुण्यातला निम्मा विदर्भ घरी जायला निघतो, तो आठवडा त्या घरांसाठी आणीबाणीचाच असतो.

खासगी बसचे उदाहरण आपल्यासमोर आहे. महाराष्ट्र शासनाने २७ एप्रिल २०१८ च्या निर्णयाने ठरवून दिले की गर्दीच्या हंगामात खासगी बसने एसटीच्या भाड्याच्या दीडपटीहून अधिक भाडे घेऊ नये. अंमलबजावणी किती होते हा वेगळा प्रश्न आहे, पण निदान दाद मागायला एक आकडा आहे. विमान परवडत नाही, रेल्वेची प्रतीक्षायादी हलत नाही, म्हणून लोक त्या बसमध्ये बसतात. १ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ पेटलेली बस नागपूरहून पुण्यालाच चालली होती. त्या बसमधील २५ माणसे गेली. त्या सकाळी टॅक्सी त्या भागातून जात असताना मला ती माणसे आठवली. त्यांच्यापैकी कोणी विमानाचे भाडे पाहून बसकडे वळले होते का, हे मला सांगता येणार नाही, आणि त्या अपघाताचा दोष विमान कंपन्यांवर टाकण्याचा माझा हेतूही नाही. पण या दोन शहरांमध्ये रात्रीच्या रस्त्यावर एवढी माणसे का असतात, हा प्रश्न वाहतुकीचे धोरण आखणाऱ्या प्रत्येकाने स्वतःला विचारायला हवा.

एक गोष्ट मी आवर्जून नोंदवते, म्हणजे या पत्राचा चुकीचा उपयोग होणार नाही. वैमानिकांच्या कामाच्या तासांवर घातलेली नवी बंधने, आठवड्याची अठ्ठेचाळीस तासांची विश्रांती आणि रात्रीच्या उतरणीवरची मर्यादा, या सर्वांना माझा पूर्ण पाठिंबा आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये नागपूर विमानतळावर पुण्याचे विमान घेऊन जाणारा एक वैमानिक बोर्डिंग गेटजवळच कोसळला आणि गेला. त्याच्या मृत्यूला कामाचा ताण कारणीभूत होता असे म्हणण्याचा मला अधिकार नाही. पण रात्रपाळी माणसाचे काय करते ते मी घरात पाहिले आहे. बाबा पहाटे घरी येत तेव्हा बुटाचे बंद सोडता सोडता बसल्या जागी झोपत. थकलेल्या माणसाच्या हाती गाडी देऊन वेळ पाळावी, अशी मागणी मी कधीच करणार नाही. कंपन्यांनी माणसे पुरेशी नेमावीत आणि जेवढी उड्डाणे खात्रीने करता येतील तेवढीच विकावीत, एवढेच माझे म्हणणे आहे.

माझ्या मागण्या पुढीलप्रमाणे आहेत.

पहिली मागणी उशिराच्या तुकड्यांविषयी आहे. एकाच उड्डाणाची वेळ दुसऱ्यांदा पुढे ढकलली गेली, किंवा एकूण उशीर नव्वद मिनिटांवर गेला, की प्रवाशाला त्याच क्षणी कोणतीही कपात न होता पूर्ण परतावा घेऊन बाहेर पडण्याचा हक्क असावा. आणि त्या संदेशात येणारे विमान या घडीला कुठे आहे व ते न येण्याचे नेमके कारण काय, हे लिहिणे बंधनकारक असावे. 'परिचालनात्मक कारणे' हे कारण म्हणून स्वीकारले जाऊ नये.

दुसरी, भरपाईचे माप बदलावे. विमानाच्या उड्डाणाच्या वेळेऐवजी प्रवासी ठरल्या वेळेपेक्षा किती तास उशिरा पोहोचला, हे माप धरावे, ते लांबलेल्या उड्डाणांनाही लावावे आणि 'जी रक्कम कमी असेल ती' हे शब्द नियमातून काढून टाकावेत. हवामान, सुरक्षा अशा कंपनीच्या हाताबाहेरच्या कारणांना आज जी सूट आहे ती राहू द्यावी. मात्र ते कारण सिद्ध करण्याची जबाबदारी कंपनीची असावी.

तिसरी मागणी रात्रीच्या शेवटच्या विमानाची आहे. ते रद्द झाले तर दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या उपलब्ध थेट विमानात, ते कोणत्याही कंपनीचे असो, मूळ कंपनीच्या खर्चाने जागा द्यावी. वैद्यकीय कारणाने किंवा घरातील मृत्यूमुळे निघालेल्या प्रवाशाला त्यात अग्रक्रम असावा.

चौथी, डिसेंबर २०२५ मधील अंतरानुसार कमाल भाड्याची पद्धत कायम करावी. आकडे कोणते असावेत यावर कंपन्यांशी जरूर चर्चा करावी, इंधनाच्या दराप्रमाणे ते बदलावेत, पण वरची रेषा वर्षभर असावी आणि सणासुदीत ती उठू नये. अंतर मात्र थेट मार्गाचे धरावे, दिल्लीचा वळसा घालून झालेले नव्हे.

पाचवी मागणी मोजणीची आहे, आणि बाबांच्या दृष्टीने तीच पहिली ठरली असती. महासंचालनालयाच्या मासिक अहवालात कंपन्यांच्या वेळेवर सुटण्याची टक्केवारी प्रसिद्ध होते, ती मोजक्या महानगरांच्या विमानतळांवरून काढलेली असते. त्यामुळे नागपूर–पुणे हे विमान महिन्यात किती दिवस वेळेवर सुटले, हे आम्हाला त्यातून कळत नाही. प्रत्येक मार्गाची नियोजित वेळ, प्रत्यक्ष वेळ आणि कारण दरमहा प्रसिद्ध करावे. तिकीट काढताना त्या उड्डाणाचा मागील तीन महिन्यांचा हिशेब भाड्याच्या शेजारीच दिसावा.

आणि सहावी, पुणे, नागपूर व महाराष्ट्रातील सर्व विमानतळांवर उशिराची व रद्द होण्याची प्रत्येक सूचना मराठीतही द्यावी.

आपल्या खात्याचे राज्यमंत्री पुण्याचे खासदार आहेत. लोहगावला उतरणाऱ्या नागपूरच्या माणसांना ते रोज पाहत असतील, त्यामुळे हा विषय समजावून देण्यासाठी दिल्लीत कोणाला फार लांब जावे लागणार नाही, असा मला विश्वास वाटतो. नागपूरला विमानांच्या वेळेचे महत्त्वही नवे नाही. १९४९ मध्ये रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली, तेव्हा मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या चारही दिशांनी निघालेली विमाने मध्यरात्री नागपूरला भेटत, टपालाच्या पिशव्यांची अदलाबदल करत आणि पहाटेपूर्वी परत फिरत. बाबा हे मोठ्या अभिमानाने सांगत. एक विमान चुकले तर तीन शहरांचे टपाल अडेल, म्हणून वेळ सांभाळली जात होती, असे ते म्हणत.

या पत्रासोबत मी बाबांच्या वहीच्या पानांच्या छायाप्रती पाठवीत आहे. अकरा वर्षांतील ६३ विमानप्रवासांच्या नोंदी त्यांत आहेत, आणि त्यांपैकी २७ वेळा विमान अर्ध्या तासाहून अधिक उशिरा पोहोचलेले आहे. 'कारण' या रकान्यात ३४ ठिकाणी 'सांगितले नाही' असे लिहिले आहे, कारण मी फोनवर तेवढेच सांगू शकत असे. शेवटची नोंद आईच्या अक्षरात आहे : 'पुणे सु. २०.५५, नागपूर पो. २२.२०'. तिच्यापुढचे दोन रकाने कोरे आहेत. प्रत्यक्ष वेळेच्या रकान्यात मी काही लिहिलेले नाही. कारणाचा रकाना आपण विमान कंपनीकडून भरून घ्यावा आणि ते कारण मला लेखी कळवावे, ही विनंती.

आपली,
नागपूरची एक प्रवासी,
सध्या राहणार पुणे